शिंकानसेनचं खरं तंत्र रात्री बारानंतर दिसतं

प्रश्न असा आला आहे: "जपानने १९६४ साली ताशी २१० किलोमीटरने गाडी पळवली. त्यांनी नेमका शोध तरी कसला लावला? आणि एवढा पैसा ओतून मिळालं काय? बड्या लोकांचे दोन-तीन तास वाचले, एवढंच ना?"

मी रेल्वेत रूळ सांभाळायचं काम केलं. एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी घाटात. आमच्या खात्याला पी-वे म्हणतात. तेव्हा हे उत्तर रुळाच्या बाजूने येणार, हे आधीच सांगून ठेवतो. डब्यातल्या मऊ खुर्च्या आणि खिडकीतून दिसणारा फुजी यांच्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत.

पहिल्या भागाचं उत्तर थोडा हिरमोड करणारं आहे. १९६४ च्या त्या गाडीत अगदी नवंकोरं असं फार थोडं होतं. फ्रान्सने १९५५ मध्येच एका चाचणीत ताशी ३३१ किलोमीटर गाठले होते. २५ हजार व्होल्टच्या एसी विजेवर गाड्या चालवायची पद्धतही फ्रेंचांनी रुळवली होती. जोड नसलेले लांब वेल्डेड रूळ इतर देशांत पडलेले होते. शिंकानसेनचे, म्हणजे जपानच्या या जलद रेल्वेचे, मुख्य अभियंते हिदेओ शिमा यांचा तर आग्रहच होता की जे सिद्ध झालंय तेच वापरायचं, प्रवाशांवर प्रयोग करायचे नाहीत. त्यांनी केलं ते वेगळंच. जुन्या रेल्वेत गाडीला अडवणाऱ्या जेवढ्या गोष्टी असतात त्या एकेक करून काढून टाकल्या. फाटक नाही. मालगाडी नाही. रस्त्यात थांबणारी पॅसेंजर नाही. तीव्र वळण नाही. खांबावरचा सिग्नल नाही. एवढं सगळं वजा केल्यावर जे उरलं, ते शिंकानसेन. नावाचा अर्थसुद्धा 'नवा मुख्य मार्ग' एवढाच आहे, त्यात वेगाचा उल्लेखही नाही. गाडीपेक्षा वाट महत्त्वाची, हे त्यांनी नावातच सांगून टाकलं. आम्हा रूळवाल्यांना ते नाव फार आवडतं.

हे सुचलं ते अडचणीतून. जपानची जुनी रेल्वे १,०६७ मिलिमीटर गेजची (दोन रुळांमधलं अंतर), म्हणजे आपल्या मीटरगेजपेक्षा बोटभर रुंद. टोकियो ते ओसाका हा तोकाईदो मार्ग देशाच्या रेल्वेजाळ्याचा जेमतेम तीन टक्के, पण देशाची जवळजवळ पाव वाहतूक त्यावर. १९५० च्या दशकात कारखाने धडाधड उभे राहिले आणि हा मार्ग तुंबला. आपल्याकडे विरार-बोरिवली पट्ट्यात जे सकाळी दिसतं ते तिथे पाचशे किलोमीटरभर होतं, असं समजा. बहुतेकांचं म्हणणं साधं होतं: त्याच अरुंद गेजची आणखी एक जोडी शेजारी टाका, काम भागेल. विमानं आणि मोटारी आल्या आहेत, रेल्वेचे दिवस भरले, असं मानणारेही कमी नव्हते.

१९५५ मध्ये शिन्जी सोगो राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष झाले तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी हट्ट धरला की नवा मार्ग १,४३५ मिलिमीटरच्या प्रमाण गेजवरच आणि पूर्ण वेगळा हवा. त्यासाठी त्यांनी शिमांना परत बोलावलं. शिमा १९५१ च्या एका भीषण रेल्वे-आगीनंतर नोकरी सोडून बाहेर पडले होते. त्यांचे वडील यासुजिरो शिमा हेही रेल्वेतलेच. युद्धाच्या आधी आखलेल्या 'बुलेट ट्रेन' योजनेत त्यांचा मोठा हात होता. युद्धामुळे ती योजना बारगळली, पण तिच्यासाठी खोदायला घेतलेले काही बोगदे आणि घेतलेली जमीन शिल्लक होती. मुलाने वडिलांचे बोगदे वापरले. साडेपाच वर्षांत ५१५ किलोमीटरचा मार्ग कसा झाला, याचं एक कारण हे आहे.

पैशाची गोष्ट मात्र तितकी सोज्वळ नाही. संसदेपुढे ठेवलेला अंदाज सुमारे दोनशे अब्ज येनचा होता. प्रत्यक्ष खर्च ३८० अब्जांच्या घरात गेला. खरा आकडा सांगितला तर मंजुरी मिळणार नाही, म्हणून सोगोंनी तो मुद्दाम खाली ठेवला, असं बहुतेक जाणकार मानतात. १९६१ मध्ये जागतिक बँकेकडून आठ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं, तेही पैशापेक्षा सरकारला बांधून घेण्यासाठी. एकदा बाहेरच्या बँकेला शब्द दिला की पुढचं सरकार माघार घेऊ शकत नाही. खर्च फुगल्याचं बाहेर आल्यावर १९६३ मध्ये सोगोंना जावं लागलं, पाठोपाठ शिमाही गेले. १ ऑक्टोबर १९६४ ला सकाळी पहिली हिकारी (तेव्हाची सगळ्यात जलद शिंकानसेन गाडी) टोकियोहून सुटली, तेव्हा हे दोघेही फलाटावर नव्हते. आज टोकियो स्थानकात १८-१९ नंबरच्या फलाटाच्या टोकाशी सोगोंची धातूतली प्रतिमा बसवलेली आहे. घाईतले प्रवासी तिच्याकडे बघतही नाहीत.

आता तंत्राकडे वळतो.

घाटात नोकरी केलेल्या माणसाला पहिली गोष्ट लगेच कळते. कर्जतला गाडी थांबते, मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, लागतात आणि मग ती बोरघाट चढते. पुढच्या इंजिनाने कितीही जोर लावला तरी चाक रुळावर धरून राहायला वजन लागतं, म्हणून इंजिन जड करावं लागतं. जड इंजिन वेगाने धावलं की रुळाची, पुलाची, भरावाची वाट लागते. जपानची किनारपट्टी मऊ मातीची. तिथे शंभरेक टनांची इंजिनं ताशी दोनशेने नेणं म्हणजे रोज भराव दुरुस्त करणं. शिमांनी इंजिनच काढून टाकलं. प्रत्येक डब्याच्या प्रत्येक आसाला (ॲक्सलला) मोटर दिली. आपल्या लोकलमध्ये काही डबे मोटरचे आणि बाकीचे ओढले जाणारे असतात. त्यांनी सगळेच डबे मोटरचे केले. पहिल्या 'शून्य' मालिकेच्या गाडीत प्रत्येक आसावर १८५ किलोवॉटची मोटर होती. जोर सगळीकडे वाटला गेला, तसा ब्रेकही वाटला गेला आणि कुठल्याच आसावर सोळा टनांहून फारसा जास्त भार आला नाही. आजच्या गाड्यांत तो अकरा टनांच्या आसपास आला आहे. सोळा डब्यांची आख्खी गाडी सातशे टनांच्या घरात. आपली एक भरलेली मालगाडी याच्या पाच-सहापट तरी असते.

दुसरी गोष्ट चाकाची. रेल्वेचं चाक सपाट नसतं, किंचित शंकूसारखं असतं. त्यामुळे गाडी आपोआप रुळाच्या मध्यावर येते. एका बाजूला सरकली की त्या बाजूचं चाक मोठ्या व्यासावर फिरतं आणि आस परत वळतो. हळू चालताना हे वरदान आहे. वेग वाढला की तोच गुण दोष होतो: आस या बाजूला, त्या बाजूला, असा नागमोडी धावू लागतो आणि एका ठरावीक वेगानंतर ही लचक थांबतच नाही, वाढतच जाते. त्या काळच्या बहुतेक रेल्वे अभियंत्यांचं मत असं की रूळ वाकडेतिकडे असतात म्हणून गाडी हलते. (कुठेही काही झालं की पहिला संशय पी-वेवर, हा रिवाज आंतरराष्ट्रीय आहे.) तादाशी मात्सुदाइरा नावाच्या अभियंत्याने हे खोडून काढलं. युद्धात त्यांनी झीरो लढाऊ विमानाच्या पंखांच्या थरथरीचा अभ्यास केला होता. युद्ध हरल्यावर विमानं बनवायला बंदी आली आणि असे कितीतरी लोक रेल्वेच्या संशोधन संस्थेत येऊन पडले. मात्सुदाइरांनी दाखवलं की रूळ अगदी आरशासारखा सरळ असला तरी गाडी स्वतःहूनच थरथरू शकते. दोष बोगीच्या बांधणीत आहे. इथे बोगी म्हणजे डबा नव्हे. आपण सर्रास डब्याला बोगी म्हणतो, पण खरी बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची चौकट. तिचे आस किती घट्ट धरायचे, स्प्रिंग कुठे, घर्षण किती, हे सगळं त्यांनी पुन्हा गणित मांडून ठरवलं आणि हवेच्या स्प्रिंगा दिल्या. त्याच संस्थेत तादानाओ मिकी हे बॉम्बर विमानाचा आकार बेतणारे होते, त्यांनी गाडीचं नाक घडवलं. ३० मे १९५७ ला टोकियोच्या गिन्झा भागात या मंडळींनी जाहीर व्याख्यान दिलं: टोकियो-ओसाका तीन तासांत शक्य आहे. तेव्हा सगळ्यात जलद गाडीला सात तासांच्या वर लागत होते.

तिसरी गोष्ट सिग्नलची. ताशी २१० म्हणजे सेकंदाला ५८ मीटर. चालकाला धुक्यात, पावसात खांबावरचा दिवा दिसून, कळून, हात ब्रेकवर जाईपर्यंत दोन-तीनशे मीटर संपतात आणि गाडी थांबायला पुढे कित्येक किलोमीटर लागतात. म्हणून दिवेच काढले. रुळातूनच गाडीला संदेश जातो की इथे कमाल वेग इतका, आणि तो आकडा चालकासमोर उमटतो. चालकाने वेग कमी केला नाही तर गाडी स्वतः करते. आज हे सांगायला साधं वाटतं, कारण मेट्रोत आपण रोज तेच बघतो. १९६४ साली पाचशे किलोमीटरवर हे चालवणं आणि टोकियोच्या एका खोलीतून सगळ्या गाड्यांवर नजर ठेवणं, माझ्या मते तेच त्यांचं सगळ्यात धाडसी पाऊल होतं. वेगाने छायाचित्रं मिळतात, सिग्नलवाल्यांना मिळत नाहीत.

विजेचा एक गमतीचा भाग सांगतो. जपानच्या पूर्व भागात ५० हर्ट्झची वीज आणि पश्चिमेत ६० ची. जुन्या काळात एकाने जर्मन यंत्रं घेतली, दुसऱ्याने अमेरिकन, म्हणून. फुजी नदीच्या आसपास ही सीमा आहे आणि गाडी तर आरपार जाणार. त्यांनी पूर्वेकडे वीज बदलणारी केंद्रं उभारून सगळा तोकाईदो मार्ग ६० वर ठेवला. घरातलं भांडण घरात मिटवलं, गाडीला त्याची झळ लागू दिली नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. शिंकानसेनवर रात्री बारा ते सकाळी सहा प्रवासी गाडी नसते. एकही नाही. हे सहा तास रुळाचे. खडी ठोकून बसवणारं टँपिंग मशीन येतं, रूळ घासायचं यंत्र येतं, वरची तार बदलणारी गाडी येते. काम आटोपून सगळं बाहेर गेलं की पहाटे एक छोटी तपासणी गाडी सगळ्या मार्गावरून फिरते. कोणी पाना विसरला आहे का, काही पडलं आहे का, हे पाहते. ती 'मोकळं आहे' म्हणाली की मगच पहिली गाडी. आपल्याकडे मुंबईत शेवटची लोकल आणि पहिली लोकल यांच्यामध्ये जो वेळ मिळतो, त्यातून माणसं-यंत्रं नेण्या-आणण्याचा वेळ वजा केला की हातात दोनेक तास उरतात. म्हणून रविवारचा मेगाब्लॉक. लोक चिडतात ते ठीक, पण ज्याने रात्री दोन वाजता घड्याळाकडे बघत रूळ जोडला आहे त्याला सहा सलग तासांची किंमत विचारा.

आणि जपान्यांनाही हे पहिल्यापासून जमलं असं समजू नका. तोकाईदो घाईत बांधला. मातीचे भराव, खडीवरचे रूळ, आणि वाहतूक अपेक्षेच्या कितीतरी पुढे गेली. दहा वर्षांत रूळ झिजले, खडीचा भुगा झाला, गाड्या उशिरा धावू लागल्या. शेवटी १९७४ ते १९८२ या काळात ४४ वेळा अर्धा-अर्धा दिवस गाड्या बंद ठेवून रूळ, तारा, सांधे बदलले. रुळांचं वजनही मीटरला साधारण ५३ वरून ६० किलोवर नेलं. मेगाब्लॉकच तो. फरक इतकाच की तारखा आधी जाहीर करून, काम पुरं करून, तो विषय त्यांनी संपवला.

तोकाईदो मार्गावर दिसणारी ती पिवळी गाडी, 'डॉक्टर येलो', याच कामाची. रूळ आणि तार तपासणारी गाडी, पण नेहमीच्या गाड्यांच्या वेगानेच धावणारी. साधारण दहा दिवसांनी एक फेरी व्हायची. वेळापत्रक जाहीर नसतं, म्हणून ती दिसली की दिवस चांगला जातो अशी तिथे समजूत आहे. रूळ तपासणाऱ्या गाडीला शुभशकुन मानणारा देश! मला हेवा वाटतो. दोनपैकी एक गाडी जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली. आता तपासणीची उपकरणं प्रवासी गाड्यांतच बसवायचं चाललं आहे.

खडीची आणखी एक कथा. नागोया आणि क्योतोच्या मधे सेकिगाहारा भागात हिवाळ्यात जोराचा बर्फ पडतो. गाडीच्या पोटाला बर्फाचे गोळे चिकटतात, पुढे उबदार भागात आल्यावर सुटतात आणि ताशी दोनशेच्या वेगाने खडीवर आदळतात. खडी उडून काचा फुटायच्या. उपाय काय? रुळाच्या कडेने फवारे लावले आणि बर्फ ओला करून ठेवला, म्हणजे तो उडत नाही. शिवाय तेवढ्या भागात गाडी हळू. साठ वर्षं झाली, तरी जोराचा बर्फ पडला की तिथे गाड्यांना उशीर होतोच.

पुढच्या मार्गांवर त्यांनी हळूहळू खडीच सोडली. ओकायामा ते हाकाता हा भाग १९७५ मध्ये सुरू झाला, तिथे बऱ्याच लांबीवर काँक्रीटच्या लाद्या, त्यांच्याखाली सिमेंट आणि डांबराच्या मिश्रणाचा थर, आणि लादीवर रूळ. हालत नाही, खचत नाही, टँपिंग लागत नाही. आम्हा लोकांचं स्वप्न. पण रेल्वेत एक गाठ सोडवली की दुसरी बसते. गाडी बोगद्यात शिरली की तिच्यापुढची हवा दाबली जाते आणि तो दाब आवाजाच्या वेगाने पुढे सरकतो. खडीचा मार्ग असला तर खडीतल्या फटी तो दाब थोडा शोषून घेतात. लादीचा मार्ग गुळगुळीत. लांब बोगद्यात ती लहर उलट धारदार होत जाते आणि दुसऱ्या तोंडाशी तोफेसारखा 'धड्डाम' आवाज होतो. डोंगरापलीकडच्या गावातली खिडक्या-दारं हादरायची.

यावरचा एक उपाय म्हणजे बोगद्याच्या तोंडाला छिद्रं असलेली काँक्रीटची लांब टोपी. दुसरा म्हणजे गाडीचं नाक. ५०० मालिकेच्या गाडीवर काम करणारे एइजी नाकात्सु हे पक्षिनिरीक्षक होते. खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा जवळजवळ शिंतोडे उडत नाहीत. हवेतून पाण्यात, म्हणजे विरळ माध्यमातून दाट माध्यमात, तो चोचीच्या आकारामुळे अलगद शिरतो. गाडीही मोकळ्या हवेतून बोगद्याच्या दाबलेल्या हवेत शिरते. पंधरा मीटर लांब नाकाची ती गाडी १९९७ मध्ये ताशी ३०० ने धावू लागली. तारेला टेकणाऱ्या पॅन्टोग्राफचा आवाज कमी करायला घुबडाच्या पिसांचा आदर्श घेतला. या गोष्टी आता शाळेच्या प्रकल्पांत फार सांगितल्या जातात आणि त्यातून असं वाटतं की निसर्गप्रेमातून हे सगळं झालं. मूळ रेटा वेगळा होता. १९७४ मध्ये नागोयात रुळाकाठच्या रहिवाशांनी आवाज आणि हादऱ्यांबद्दल दावा लावला. पुढच्याच वर्षी सरकारने मर्यादा घातली: वस्तीत ७० डेसिबल, इतरत्र ७५. तेव्हापासून जपानमध्ये वेग वाढवायचा की नाही हे मोटरची ताकद ठरवत नाही, कडेच्या घरातलं आवाजाचं माप ठरवतं. खंड्या नंतर आला, कोर्टाचा कागद आधी.

वळणांचंही सांगायला हवं. तोकाईदोवर वळणाची त्रिज्या अडीच हजार मीटर धरली होती, १९६४ ला ती भरपूर वाटली. नंतरच्या मार्गांवर चार हजार. मग तोकाईदोचा वेग वाढवायचा कसा? वळणं सरळ करणं अशक्य, दोन्ही बाजूंनी शहरं. २००७ मध्ये आलेल्या एन-७०० गाडीत बाहेरच्या बाजूच्या हवेच्या स्प्रिंगा किंचित फुगवून डबा फक्त एक अंश कलवतात. तेवढ्यानं २५५ ची मर्यादा असलेली वळणं २७० ने घेता आली. एक अंश! हे मला खंड्याच्या चोचीपेक्षा सुंदर वाटतं.

भूकंपाबद्दल लोकांचा समज असतो की भूकंप आधी कळतो. आधी कळत नाही, झाल्यावर लवकर कळतो. जमिनीत पहिली लहर सेकंदाला सहा-सात किलोमीटरने येते, ती फारसं नुकसान करत नाही. मागून सावकाश येणारी दुसरी लहर मोडतोड करते. किनाऱ्यावरच्या मापकाने धक्का ओळखला की तो उपकेंद्राची वीज तोडतो. तारेतली वीज गेली की गाडी आपोआप तातडीचा ब्रेक लावते. चालकाला कळवायचं, त्याने ऐकायचं, असलं काही नाही. ११ मार्च २०११ ला ईशान्येकडच्या तोहोकु मार्गावर २७ गाड्या धावत होत्या, एकही प्रवासी गाडी घसरली नाही. सेंदाईजवळ चाचणीची एक रिकामी गाडी तेवढी घसरली. पण २००४ मध्ये निइगाताचा भूकंप थेट मार्गाच्या जवळच झाला, तेव्हा लहरींमध्ये अंतरच पडलं नाही आणि तोकी नावाची गाडी रुळावरून उतरली. कोणी दगावलं नाही. मग गाडी उतरली तरी फार दूर जाऊ नये म्हणून बोगीखाली अडसर आणि रुळाशेजारी जादा रूळ आले. २०२२ मध्ये फुकुशिमाच्या भूकंपात सतरा डब्यांची गाडी घसरली, तीही उलटली नाही.

गाडी घसरून किंवा टक्कर होऊन शिंकानसेनमध्ये १९६४ पासून एकही प्रवासी मेलेला नाही. हे वाक्य नेमकं असंच म्हणावं लागतं. 'एकही मृत्यू नाही' असं सरसकट लिहितात ते खरं नाही: १९९५ मध्ये मिशिमा स्थानकात दारात अडकून एक मुलगा गेला, २०१५ मध्ये एकाने गाडीत स्वतःला पेटवून घेतलं, त्यात दुसरी एक प्रवासी गेली. आणि डिसेंबर २०१७ ला जे झालं ते मला या सगळ्यांहून भीतीदायक वाटतं. एका नोझोमीत (आताची सगळ्यात जलद, मोजक्याच स्थानकांवर थांबणारी गाडी) कर्मचाऱ्यांना जळका वास आला, विचित्र आवाज आला. तपासायला माणसं चढली, फोनवर बोलणी झाली, आणि गाडी तीन तास तशीच धावत राहिली. नागोयाला खाली बघितलं तर बोगीची पोलादी चौकट तडकलेली, पुरती तुटायला थोडीच राहिलेली. कारखान्यात पोलाद मर्यादेबाहेर घासलं गेलं होतं, ही झाली तांत्रिक चूक. गाडी थांबवायचा निर्णय कोणीच घेतला नाही, ही दुसरी. वेळेवर धावण्याची सवय इतकी मुरते की थांबणं हाच अपराध वाटू लागतो. त्यानंतर शंका आली तर थांबायचंच असा नियम पक्का केला गेला.

आता तुमचा दुसरा प्रश्न: मिळालं काय?

वेळ वाचला हे खरं. १९६० मध्ये टोकियो-ओसाका साडेसहा तास, १९६५ अखेर तीन तास दहा मिनिटं, आज नोझोमीने साधारण दोन तास बावीस मिनिटं. पण मला विचाराल तर मोठा फायदा वेळेचा नाहीच, संख्येचा आहे. मार्च २०२० च्या वेळापत्रकापासून गर्दीच्या तासाला टोकियोहून बारा नोझोमी, दोन हिकारी आणि प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या तीन कोदामा सुटू शकतात. सतरा गाड्या तासाला, प्रत्येकीत १,३२३ खुर्च्या. करा हिशेब: एका दिशेला तासाला बावीस हजारांहून जास्त माणसं, तीही बसून. विमानाने एवढी माणसं न्यायची तर दर तीस सेकंदांना एक विमान उडवावं लागेल. हे शक्य होतं कारण सगळ्या गाड्यांचा वेग सारखा, ब्रेक सारखा, दारं सारख्याच जागी. मिश्र वाहतुकीच्या मार्गावर एक मालगाडी चार जलद गाड्यांची जागा खाते. कोरोनाच्या आधी एकट्या तोकाईदोवर वर्षाला सतरा कोटींच्या आसपास प्रवासी होते आणि सरासरी उशीर वादळं-बर्फ धरून एका मिनिटाच्या आतबाहेर. सतरा कोटी म्हणजे बडे लोक नव्हेत. विक्रेते, शिक्षक, नातवाला भेटायला निघालेल्या आजी.

शिवाय जलद गाड्या नव्या मार्गावर गेल्या, तसा जुना मार्ग लोकल आणि मालगाड्यांना मोकळा झाला. मूळ दुखणं तेच होतं ना? टोकियो-नागोया विमानसेवा जवळजवळ संपली. टोकियो-ओसाकात पाचातले चार प्रवासी रेल्वेने जातात. मात्र प्रवास चार तासांच्या पुढे गेला की लोक विमानाकडे वळतात. टोकियो-फुकुओका हे पाच तासांचं अंतर रेल्वेने कधीच जिंकलं नाही.

पण पहिला मार्ग नफ्यात गेला म्हणून सगळे गेले असं नाही. शिंकानसेन सुरू झाली त्याच १९६४ साली राष्ट्रीय रेल्वे तोट्यात गेली आणि पुन्हा कधी वर आली नाही. शिंकानसेन मिळवणं ही पुढे राजकारण्यांची निवडणुकीतली मिळकत झाली. निइगाताचे काकुएइ तानाका पंतप्रधान झाले, त्यांच्या भागाला डोंगर फोडून जोएत्सु मार्ग मिळाला. १९८७ मध्ये रेल्वेचे तुकडे करून खासगीकरण झालं तेव्हा कर्ज ३७ हजार अब्ज येनच्या आसपास होतं. ते सगळं शिंकानसेनचं नव्हे, पण तिचा वाटा होता. १९९७ मध्ये नागानोला शिंकानसेन गेली आणि योकोकावा-कारुइझावा हा जुना घाटमार्ग, आपल्या बोरघाटासारखाच बँकर लावून चढायचा मार्ग, कायमचा बंद झाला. इतर ठिकाणी जुने समांतर मार्ग स्थानिक सरकारांच्या कंपन्यांच्या गळ्यात पडले आणि गावच्या गाड्यांची भाडी वाढली. ज्या स्थानकावर नोझोमी थांबत नाही, तिथल्या माणसाला हा फायदा-तोट्याचा हिशेब वेगळा दिसतो.

आपल्याकडचा मुंबई-अहमदाबाद मार्ग, ५०८ किलोमीटर आणि १२ स्थानकं, याच घराण्यातला आहे: जपानी कर्ज, जपानी पद्धतीच्या लाद्यांवर रूळ, वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा आणि त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर. तिकीट किती, हा प्रश्न सगळे विचारतात. मी दोन वेगळे विचारीन. पश्चिम रेल्वेवरच्या ज्या जलद गाड्यांचे प्रवासी तिकडे वळतील, त्यांच्या मोकळ्या झालेल्या वेळा डहाणू-विरारच्या लोकलना मिळणार का? आणि रात्रीचे सहा तास रुळाला मिळणार, की दोन वर्षांत कोणीतरी 'एक रात्रीची गाडी टाकू या' म्हणणार?

जपानला कधी गेलात तर ओदावारा स्थानकावर उतरा, तिकीट कोदामाचं काढा, ते स्वस्तही पडतं. तिथे कोदामा बाजूच्या रुळावर थांबते आणि मधल्या रुळांवरून नोझोमी सुसाट जाते. सगळे मोबाइल वर धरून गाडी टिपत असतात. तुम्ही गाडी गेल्यावर खाली बघा. सातशे टन आत्ताच गेले. खडीतला एक दगड जागचा हललेला दिसणार नाही.